भाला कोणावर चालवायचा?



गेले तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही एक पुस्तक वाचत होतो. पुस्तक इंग्रजी, कथा जादूच्या आणि लेखिका अमेरिकेतली कृष्णवर्णीय स्त्री, एन. के. जेमिसिन. 'हाऊ लाँग टिल ब्लॅक फ्यूचर मंथ?' हा तिचा कथासंग्रह २०१८ साली आला. त्यात २२ कथा आहेत. आमच्यातली दोघं-तिघं इंग्रजीतून वाचायची आणि बाकीच्यांना मराठीत सांगायची. तिसऱ्या रविवारी वस्तीतले एक जुने कार्यकर्ते दारात उभे राहून ऐकत होते. सगळे त्यांना काकाच म्हणतात. पंखवाली पाल बोलते आहे हे ऐकल्यावर काकांनी चपला घालता घालता विचारलं, "काय रे पोरांनो, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या विहारात बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगायला का?"

तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर देणं आमच्यावर बाकी आहे. शिवाय पुस्तक वाचून संपल्यावर आमचंच त्याच्याशी भांडण सुरू झालं आहे. या संग्रहातल्या बऱ्याच कथांनी आम्हाला बळ दिलं, काही डोक्यावरून गेल्या आणि पहिल्याच कथेने आमची झोप उडवली. त्या सगळ्याचा हा हिशेब.

आधी काकांचा प्रश्न. जादूच्या गोष्टींचा आपल्या माणसांना राग आहे आणि तो योग्यच आहे. आपल्याला हजारो वर्षं ज्या गोष्टी सांगितल्या गेल्या त्या जादूच्याच होत्या. कोणी मुखातून जन्मला, कोणी पायातून. कोणी तप केलं म्हणून त्याचा शिरच्छेद झाला, कोणी दान दिलं म्हणून त्याला पाताळात गाडलं. पुढे शाळेत वाचायला मिळालेल्या गोष्टींतही गरीब असायचा तो ब्राह्मण, देखणा असायचा तो राजपुत्र आणि काळाकुट्ट असायचा तो राक्षस. त्या गोष्टींत आपल्या आजीचं घर कुठे होतं? गावकुसाबाहेरची वस्ती गोष्टीतही गावकुसाबाहेरच राहिली.

पण पुराण आणि कल्पित कथा यांत एक मोठा फरक आहे. पुराण म्हणतं, हे घडलं आहे, प्रश्न विचारू नकोस, पाया पड आणि दक्षिणा ठेव. कल्पित कथा पहिल्या ओळीपासून कबूल करते की मी खोटी आहे, पण माझ्यातून तुझ्या जगाकडे बघ. एक श्रद्धा मागते, दुसरी विचार मागते. आणि हे हत्यार आपण पहिल्यांदा उचलतो आहोत असंही नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त काय केलं? मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन या अवतारकथा घेतल्या आणि उलट्या फिरवल्या. बळीला राजा केलं आणि वामनाला लबाड आक्रमक. ब्राह्मणी कल्पनेला त्यांनी बहुजनांच्या कल्पनेने उत्तर दिलं. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. मग त्याच गुलामांच्या एका वंशजाचं पुस्तक आज आपल्या विहारात वाचलं गेलं, तर काकांनी रागवावं असं त्यात काय आहे? संत रविदासांनीही बेगमपुरा नावाचं शहर कल्पनेत वसवलंच होतं. दुःख नाही, कर नाही, उच्चनीच नाही असं शहर. ते नकाशावर कुठेच नव्हतं. म्हणून ते अंधश्रद्धा ठरत नाही.

आता पुस्तकाकडे येऊ. जेमिसिन काही नवखी लेखिका नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठी जगात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं तिच्या कादंबऱ्यांना मिळाला. कादंबरीसाठीचा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका. संग्रहाचं नाव तिच्याच २०१३ सालच्या एका लेखाचं आहे. अमेरिकेत फेब्रुवारी महिना ब्लॅक इतिहासाचा म्हणून पाळतात. ती विचारते, इतिहासाचा महिना झाला, आमच्या भविष्याचा महिना कधी? कारण उद्याच्या जगाच्या, अंतराळयानांच्या, जादूच्या राज्यांच्या गोष्टींत तिला आपली माणसं दिसतच नव्हती. जणू कृष्णवर्णीयांना भूतकाळ आहे, पण भविष्य नाही.

हा प्रश्न वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो. दलित साहित्याने आपल्याला आवाज दिला. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं, दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली. आपलं जगणंच नाकारलं जात होतं, म्हणून साक्ष देणं भाग होतं. ते काम संपलेलं नाही. पण साक्ष ही घडून गेलेल्याची असते. आमच्या गटातली बारावीची मुलं विचारतात, जात गेल्यावर काय? ती गेलेली गल्ली कशी दिसेल? तिथे लग्न कसं होईल, पंगत कशी बसेल, आडनाव विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय दिसेल? याचं चित्र आमच्याकडे नाही. ते काढायचं धाडस या बाईने तिच्या लोकांसाठी केलं, म्हणून आम्ही तिचे ऋणी आहोत.

काही कथा तर आमच्यासाठीच लिहिल्यासारख्या वाटल्या. 'द एफ्लुअंट इंजिन' घ्या. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं, हा खरा इतिहास. कथेत त्या राष्ट्राची एक स्त्री हेर न्यू ऑर्लिन्सला येते. रम गाळल्यावर उरणाऱ्या घाण पाण्यातून वायू काढून त्यावर विमानजहाजं चालवता येतील का, हे तिला शोधायचं आहे. साखर कारखान्याच्या मळीचा वास ज्यांनी घेतला आहे, ज्यांची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. उसाच्या मळ्यांत ज्यांना राबवलं, त्याच उसाच्या घाणीवर त्यांचं राष्ट्र आकाशात उडतं आहे!

'व्हॅलेडिक्टोरियन'मध्ये झिन्हले नावाची मुलगी शाळेत पहिली येते. तिच्या जगात शाळा संपताना सर्वांत वर असलेल्या एकाला आणि तळातल्या काहींना भिंतीपलीकडच्यांच्या हवाली केलं जातं. सगळे तिला सांगतात, थोडी चुका कर, मध्ये कुठेतरी लपून राहा. ती ऐकत नाही. आमच्या गटातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधर मुली हे ऐकताना एकमेकींकडे बघत होत्या. "जास्त पुढे पुढे करू नकोस, डोळ्यावर येशील," हे वाक्य त्यांच्यापैकी प्रत्येकीने कॉलेजात कोणाकडून तरी ऐकलं आहे.

'वॉकिंग अवेक' वाचताना आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांनाच चपराक बसली. परके 'मालक' माणसांची शरीरं अंगरख्यासारखी घालतात. सेडी नावाची बाई एका संस्थेत मुलांना वाढवते, खाऊ घालते, माया लावते आणि वेळ आली की मालकांच्या ताब्यात देते. ती दुष्ट नाही, ती तिचं काम करते आहे. आपण चालवतो ते वर्ग, ती वसतिगृहं, ते प्रकल्प मुलांना कशासाठी तयार करतात, हा प्रश्न त्या रात्री आम्ही एकमेकांना विचारला. उत्तर अजून देता आलेलं नाही.

आणि शेवटची, पंखवाल्या पालीची कथा. ती २००५ सालच्या कॅटरिना वादळात बुडालेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडते. पाण्यात एक राक्षस फिरतो, तो माणसांच्या द्वेषावर वाढतो. कॅटरिना ऑगस्टच्या अखेरीस आलं आणि त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, मुंबई बुडाली होती. पाणी कोणाच्या घरात आधी शिरतं आणि मदत कोणाकडे सर्वांत शेवटी पोहोचते, हे तिथेही आणि इथेही सखल भागातल्या वस्त्यांना विचारावं. काकांना आम्ही सांगू, ती पाल खोटी आहे, पूर खरा आहे.

न आवडलेलंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही भाटगिरी होईल. 'द नार्कोमॅन्सर' आणि 'स्टोन हंगर' या कथा तिच्या कादंबऱ्यांच्या जगातल्या आहेत. त्या कादंबऱ्या न वाचलेल्याला या कथांत पाहुण्यासारखं अवघडून बसावं लागतं. संगणकाच्या आतल्या जिवांची 'द ट्रोजन गर्ल' आम्ही दोनदा सांगून पाहिली, दोन्ही वेळा मुलं मोबाईल काढून बसली. काही सुरुवातीच्या कथा म्हणजे चांगल्या कल्पनेचा नुसता आराखडा आहेत. आणि बऱ्याच कथांत सुटका होते ती एखाद्या विलक्षण माणसामुळे. संघटना, सभा, ठराव, वर्गणी, म्हणजे ज्याला आपण चळवळ म्हणतो, ते तिच्या जगात आम्हाला फारसं सापडलं नाही.

पण आमचं खरं भांडण पहिल्या कथेशी आहे.

ती कथा समजायला आधी दुसरी एक कथा माहीत हवी. अर्सुला ले ग्विन या गोऱ्या अमेरिकन लेखिकेने १९७३ साली ओमेलास नावाच्या शहराची गोष्ट लिहिली. शहर अत्यंत सुखी आहे. पण ते सुख एका अटीवर उभं आहे. एका तळघरात एक मूल घाणीत, उपाशी, एकटं कोंडलेलं राहिलं पाहिजे. शहरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बहुतेक जण मनाची समजूत घालून सुखात राहतात. काही थोडे मात्र एक दिवस मुकाट्याने शहर सोडून निघून जातात.

ही गोष्ट सांगून संपण्याआधीच आमच्या गटातला एक मुलगा म्हणाला, "हे तर गाव आहे." बरोबर. गावाची स्वच्छता, गावाचं सोवळं, गावाचे सण ज्यांच्या कोंडलेपणावर उभे होते, ते आपण. ले ग्विनच्या गोष्टीत शहर सोडतात ते सुखातले संवेदनशील लोक. तळघरातलं मूल तळघरातच राहतं. आपला इतिहास मात्र तळघरातल्यांनी बाहेर पडण्याचा आहे. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती हव्यात असा ठराव १९४२ साली नागपूरच्या परिषदेत झाला, तो सुखवस्तूंनी हळहळून केलेला नव्हता.

जेमिसिनने ओमेलासला उत्तर म्हणून उम-हेलाट नावाचं शहर उभं केलं आहे. कथेचं नाव 'द वन्स हू स्टे अँड फाइट', म्हणजे निघून न जाता थांबून लढणारे. उम-हेलाटमध्ये कोणी कोंडलेलं नाही. नाना रंगांची, नाना भाषांची माणसं तिथे खरोखर समान आहेत. पण या शहराला एका रोगाची भीती आहे. आपल्या जगातून तिथे एक कल्पना शिरू शकते, की काही माणसं इतरांपेक्षा कमी मोलाची असतात. ही कल्पना संसर्गासारखी पसरते. म्हणून ज्याला तिची लागण झाली त्याला ठार मारलं जातं. मारणारे कोण? लेखिका त्यांना म्हणते, समाजसेवक. सोशल वर्कर! त्यांच्या हातात भाले आहेत. एका बापाला ते त्याच्या लहान मुलीसमोर मारतात. मुलगी आक्रोश करते, सूड घेईन म्हणते. तिलाही लागण झाली आहे. पण एक समाजसेवक तिच्यासमोर बसून तिचा हात हातात घेतो. आशा अशी की ती बरी होईल आणि पुढे तिच्याही हातात भाला येईल.

पहिल्यांदा ही कथा सांगितली तेव्हा विहारात टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलायचं, आम्हीही वाजवल्या. खैरलांजी झाली तेव्हा आमच्यातले बरेच जण शाळकरी होते, खर्डा झालं तेव्हा कॉलेजात. मोर्चे काढले, निवेदनं दिली, कोर्टाच्या तारखा मोजल्या. जो माणूस दुसऱ्याला माणूस समजत नाही, त्याच्याशी किती काळ संवाद करायचा? मनात भाला तेव्हाच आला होता. जेमिसिनने फक्त तो हातात दिला.

आणि कथेचं निदान चूक नाही, हे आधी मान्य करू. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये हेच मांडलं, की जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनाची अवस्था आहे. विषमता डोक्यात राहते, तिथूनच पसरते. समता एकदा आली की आपोआप टिकत नाही, तिची राखण करावी लागते, हेही खरं. "प्रत्येकाला आपापलं मत असतं हो" असं म्हणत मनुवादाला खुर्ची देणाऱ्या गोडबोल्या पुरोगाम्यांना ही कथा बरोबर टोचते.

पण औषध? इथे आमची वाट वेगळी होते. कारण त्याच पुस्तकात बाबासाहेब पुढे विचारतात की ही मनाची अवस्था आली कुठून, आणि बोट ठेवतात शास्त्रांच्या पावित्र्यावर. माणसं जात पाळतात कारण त्यांचा धर्म त्यांना ते शिकवतो, म्हणून घाव त्या शिकवणुकीवर घालायचा. त्याच्या नऊ वर्षं आधी, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय जळालं? ग्रंथ जळाला. मार्चमध्ये ज्यांनी आपल्या माणसांची डोकी फोडली होती, ते त्याच गावात राहत होते. चितेवर मनुस्मृती ठेवली गेली, त्यातलं एकही माणूस नाही.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. भाला घेऊन निघालो तर पहिलं दार कोणाचं?

आमच्या अभ्यासिकेत नववीतला एक मुलगा होता. आपल्याच समाजातला, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, जयंतीला सगळ्यांत पुढे. एका दुपारी तो दुसऱ्या एका अनुसूचित जातीच्या मित्राच्या घरी गेला आणि त्याने पाणी प्यायचं टाळलं. "तहान नाही" म्हणाला. मे महिन्यातली दुपार होती. त्या मित्राने आम्हाला ते सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. उम-हेलाटचा कायदा लावला तर हा मुलगा रोगी आहे. त्याला ते शिकवणारी आजी रोगी आहे. मुलीने पोटजातीबाहेर लग्न ठरवलं म्हणून वर्षभर न बोललेले आमच्या ओळखीतले कार्यकर्ते रोगी आहेत. मिटिंगमध्ये बाईला चहा करायला पाठवून स्त्रीमुक्तीवर बोलणारे आम्ही रोगी आहोत. भाला पहिल्याच दिवशी आपल्या गल्लीत मोडून पडेल, इतकं काम त्याला इथेच आहे.

आम्ही काय केलं? त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं नाही. दर शनिवारी अभ्यासिकेचा डबा एकत्र खायचा असं ठरवलं, आणि डबा आळीपाळीने प्रत्येकाच्या घरून येईल. पहिले दोन शनिवार तो आलाच नाही. त्याच्या आजीकडे आम्ही चार वेळा जाऊन बसलो, दोनदा तिने हाकललं. पाच-सहा महिन्यांनी तो त्या मित्राच्या घरची भाकरी मागून खायला लागला. आजी अजूनही त्या घरचं पाणी पीत नाही. म्हणजे आम्ही अर्धेच जिंकलो. पण तो मुलगा आज जिवंत आहे, सोबत आहे आणि आजीशी रोज भांडतो. भाल्याने हे झालं असतं का?

यावर आमच्या गटातल्या एका मुलीने जोरदार हरकत घेतली, आणि ती नोंदवलीच पाहिजे. ती म्हणाली, "हृदयपरिवर्तनाची वाट बघा, हे तर आम्हाला गांधीजींच्या काळापासून सांगतात. अंगुलिमालाची गोष्ट नेहमी मार खाणाऱ्यालाच का ऐकवतात?" हरकत रास्त आहे. म्हणून स्पष्ट बोलू. बाबासाहेबांनी वाट बघायला सांगितलं नाही. त्यांनी संविधानात सतरावं कलम घातलं, अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवलं. पुढे १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. हात उचलणाऱ्याला, बहिष्कार घालणाऱ्याला, जातिवाचक अपमान करणाऱ्याला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण कायदा कृती पकडतो. डोक्यातल्या विचारासाठी मृत्युदंड देणारं राज्य एकदा तयार झालं की भाला कोणाच्या हातात जाईल? २०१८ नंतर भीमा कोरेगावच्या प्रकरणात यूएपीएखाली कोणाकोणाला वर्षानुवर्षं तुरुंगात राहावं लागलं ते आठवा. ज्यांना 'घातक विचारांची लागण' झाली असं सत्ता ठरवते, त्या यादीत आपलं नाव नेहमी वरच असतं.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत म्हणाले ते याच अर्थाने, की रक्तपाताचे मार्ग आता सोडले पाहिजेत. १९५६ साली काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी सांगितलं की ध्येय जवळपास एक असेल, पण बळाने आणलेली समता बळ हटताच कोसळते. बुद्धाची वाट माणसाचं मन बदलण्याची, म्हणून ती लांबची आणि म्हणून टिकणारी. अंगुलिमालासमोर तथागत निःशस्त्र गेले, पण घाबरून गेले नाहीत आणि त्याला 'तुझंही बरोबर आहे' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. हे भोळेपण नव्हे.

मग ही कथा वाचू नये का? जरूर वाचा. तिने आम्हाला तीन रविवार भांडायला लावलं, इतकं आमच्या पाच व्याख्यानमालांनी केलं नाही. कदाचित लेखिकेलाही टाळ्या नको असतील, आपण असंच अस्वस्थ व्हावं असंच तिला हवं असेल. पण आपण बेगमपुऱ्याचे वारस आहोत. आपल्या कल्पनेतल्या शहरात समाजसेवकाच्या हाती काय असेल, हे आपणच ठरवायचं आहे.

म्हणून आता आम्ही ठरवलं आहे की पुढचे रविवार वाचायचे नाहीत, लिहायचे. प्रत्येकाने जात संपलेल्या आपल्या वस्तीची एक गोष्ट लिहायची. तुमच्या विहारातही करून बघा. आमच्याकडे पहिली गोष्ट आणली ती नववीतल्या एका मुलीने. तिने उम-हेलाटच्या त्या लहान मुलीपासून सुरुवात केली आहे. तिच्या गोष्टीत समाजसेवक येतो, भाला बाहेर ठेवतो आणि मुलीला विचारतो, "तुझ्या बाबांना हे कोणी शिकवलं?" मग ती दोघं मिळून त्या माणसाला शोधायला निघतात.

गोष्ट अपुरी आहे. ती वाचली त्या दिवशी काका चपला काढून आत येऊन बसले होते. जाताना म्हणाले, "पुढच्या रविवारी पुरी करून आण."

जय भीम! नमो बुद्धाय!